टिफ्रॅकची स्मृती आणि डॉ. होमी भाभा

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या दुकानात मोबाइल वा संगणक घेणारा ग्राहक त्याची मेमरी किती, हे हमखास विचारतो. या स्मृतीसाठी कोणते तंत्र निवडावे, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपुढे १९५०च्या दशकातच उभा राहिला होता. संस्थेचे संस्थापक डॉ. होमी जहांगीर भाभा अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून सर्वज्ञात आहेत. स्वदेशी संगणकाला त्यांनी दिलेले पाठबळ मात्र फारसे चर्चिले जात नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी केंब्रिजमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांना कीर्ती मिळवून दिली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध भडकल्याने येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा विश्वस्तनिधीच्या साह्याने त्यांनी ही संस्था उभारली.

आधुनिक भौतिकशास्त्राला प्रचंड आकडेमोड लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यासाठी ब्रिटनमधून संगणक आणला. भाभांच्या संस्थेत मात्र प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी तो स्वतः बांधण्याचे ठरवले.

त्या काळी स्मृतीची अनेक तंत्रे स्पर्धेत होती. पाऱ्याच्या नळीत ध्वनिलहरी फिरत ठेवणारे तंत्र संथ होते. विल्यम्स नलिका वेगवान, पण लहरी होती. कोलकात्याच्या यंत्रातील चुंबकीय ढोल भरवशाचा होता. मात्र हवा तो आकडा फिरत समोर येईपर्यंत थांबावे लागे. चौथे तंत्र फेराइट कोअरचे. तारांत ओवलेली प्रत्येक इवलीशी कडी एका वा दुसऱ्या दिशेने चुंबकित होऊन एक वा शून्य लक्षात ठेवी आणि वीज गेली तरी विसरत नसे. अमेरिकेत १९५३ मध्ये ते यशस्वी झाले होते. ते नवे आणि खर्चिक असूनही मुंबईच्या गटाने तेच निवडले.

१९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द एवढी त्याची स्मृती; आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट!

स्मृतीची निवड अचूक ठरली. पुढील दशकभर जगभरच्या संगणकांत फेराइट कोअरचेच राज्य होते. परंतु टिफ्रॅकचे उर्वरित मंडल निर्वात नलिकांचे होते आणि तोवर ट्रान्झिस्टरची यंत्रे बाजारात आली होती. शिवाय त्याची प्रतिकृती काढणारा कारखाना देशात नव्हता. १९६४ मध्ये संस्थेला अमेरिकी संगणक आणावा लागला.

प्रयोगशाळेतील यश उद्योगाविना अपुरे, हे भाभांनी ओळखले होते. १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी स्वावलंबी उद्योगाचा आराखडा आखला. मात्र २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली व तिने संगणकही बनवले.

१९७० पासून सिलिकॉनच्या स्वस्त चिपने फेराइट कोअरलाही मागे सारले. योग्य तंत्र ओळखणे ही अर्धीच लढाई असते. ते मोठ्या प्रमाणावर आणि वेळेत बनवणे ही उरलेली अर्धी. भाभांना पहिली जिंकता आली. दुसरीसाठी काळाने त्यांना सवड दिली नाही.