महात्मा फुले यांचा शेतीविचार आणि उन्हाळ्यात जगणारी रोपे

पनवेल परिसरात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण त्यानंतरचे सात महिने जवळपास कोरडे जातात. जूनमध्ये डोंगरउतारावर लावलेली आंबा, काजू, करंजाची रोपे दिवाळीपर्यंत तरारलेली दिसतात आणि एप्रिल-मेमध्ये माना टाकतात. याच एप्रिलच्या ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती असते. तुमच्या रोपांच्या दुखण्याचे मूळ त्यांनी १४० वर्षांपूर्वी ओळखले होते.

मळ्यात वाढलेला मुलगा

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी माळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे आडनाव पडले. आई चिमणाबाई ते अगदी लहान असतानाच वारल्या. शाळा मध्येच सुटली आणि ते वडील गोविंदराव यांच्याबरोबर मळ्यात राबू लागले. १८४१ मध्ये पुन्हा शाळेत गेले, तोवर मातीची ओळख पक्की झाली होती. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत सावित्रीबाईंनी शिकवले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे कार्य तुम्हाला माहीत असेलच. शेतीचे जाणकार जोतीराव मात्र अनेकांना कमी ठाऊक असतात.

दुष्काळ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. हा अनुभव पाठीशी घेऊन जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या कर्जाबरोबरच त्यात मातीचाही हिशेब आहे. डोंगरावरचा पाला, गवत, मेलेले किडे आणि जनावरे कुजून तयार होणारे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यात वाहून जाते, हे त्यांनी नेमके टिपले. सरकारने शिपायांकडून ताली आणि बंधारे अशा रीतीने घालावेत की पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल, अशी मागणी त्यांनी केली.

मातीतल्या जिवाणूंचा शोध त्या वेळी नुकताच सुरू झाला होता. १८८८ मध्ये नेदरलँड्समधील बेयरिंक यांनी शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू वेगळे करून दाखवले. त्याच वर्षी मुंबईत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

ते सत्त्व म्हणजे जिवाणूंचे अन्न

कुजलेल्या पाल्यावर मातीतले असंख्य उपयुक्त जिवाणू जगतात. ॲझोस्पिरिलम, स्यूडोमोनास आणि बॅसिलस या गटांतील काही जिवाणू मुळांभोवती राहून वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात. त्यामुळे बारीक मुळे वाढतात आणि रोप जास्त मातीतून पाणी ओढते. काही जिवाणू चिकट पदार्थ तयार करतात, त्यामुळे मुळालगतची माती ओल धरून ठेवते. ताण पडल्यावर रोपाची वाढ रोखणारे इथिलीन कमी करणारे जिवाणूही असतात.

पण जिवाणू पाणी निर्माण करत नाहीत, आणि उघड्या, धुपलेल्या मातीत तेही तग धरत नाहीत. आपल्याकडे बराच पाला राब भाजण्यात आणि वणव्यात जळतो. मग नुसते जिवाणू खताचे पाकीट टाकून रोप कसे जगेल?

तुम्ही काय कराल?

• आत्ता, एप्रिल-मेमध्ये: रोपाच्या आळ्यात पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा जाड पसरा, खोडाजवळ थोडी जागा मोकळी ठेवा. दुपारच्या उन्हासाठी सावली करा. पाणी कमी असेल तर मुळाशी सच्छिद्र मडके पुरून ते भरत राहा. वणव्यापासून बचावासाठी रोपाभोवतीचे वाळलेले गवत काढा.
• पावसाआधी: प्रत्येक रोपाच्या उताराकडील बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला, म्हणजे वरून येणारे पाणी आणि माती तिथेच थांबेल.
• लागवडीच्या वेळी: ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या. करंज, गिरिपुष्प अशा शेंगवर्गीय झाडांना त्यांच्यासाठीचे रायझोबियम वापरा. मात्रा पाकिटावर दिलेली पाळा.
• काळजी: पाकीट सावलीत ठेवा, वापराची अंतिम तारीख पाहा. रासायनिक खत किंवा बुरशीनाशकात जिवाणू खत मिसळू नका.

रोपवाटिकेतून रोपे आणणार असाल तर पिशवीतच जिवाणू खत दिले आहे का, हे विचारून घ्या. मुळे लहान असतानाच जिवाणू रुजले, तर पहिल्या उन्हाळ्याला रोप अधिक तयारीने सामोरे जाते.

क्रम लक्षात ठेवा: आधी बांध, मग पाला, मग जिवाणू. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जोतीरावांनी १८८३ मध्येच सांगितल्या होत्या.