एका पान्याची किंमत

विमान अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वादळ, धुके किंवा वैमानिकाची चूक येते. बेसी कोलमनचा जीव मात्र यांपैकी कशानेच गेला नाही. दुरुस्तीनंतर विमानातच राहून गेलेला एक पाना तिच्या मृत्यूला कारणीभूत ठरला. ही घटना ३० एप्रिल १९२६ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिल शहरात घडली. विमान चालवण्याचा परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकी महिला म्हणून बेसीचे नाव आज आदराने घेतले जाते. तिच्या जिद्दीची गोष्ट बहुतेकांना थोडीफार माहीत असते. पण तिच्या आयुष्यात विमानाच्या देखभालीचा जो धडा आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातल्या अटलांटा या लहानशा गावी झाला. तेरा भावंडांत ती दहावी. वडिलांच्या घराण्यात मूळ अमेरिकी आदिवासींचे रक्त होते, आई कृष्णवर्णीय. घर शेतमजुरांचे. बेसी दोन वर्षांची असताना कुटुंब वॅक्सहॅची या गावी आले. कृष्णवर्णीय मुलांसाठीची एकखोली शाळा घरापासून लांब होती. बेसी रोज काही मैल चालत जाई. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा सुटे आणि सगळे घर शेतात राबे. ती गणितात हुशार होती. वंशभेदाला कंटाळून १९०१ मध्ये वडील ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि धाकट्या बहिणींना सांभाळायची जबाबदारी बेसीवर आली. पुढे कपडे धुण्याच्या कामातून पैसे साठवून तिने ओक्लाहोमातल्या लँगस्टनच्या महाविद्यालयात नाव घातले. पैसे एका सत्रापुरतेच पुरले. ती परत आली आणि पुन्हा धुणी धुऊ लागली.

वयाच्या तेविसाव्या वर्षी ती भावांकडे शिकागोला आली. तिथे एका केशकर्तनालयात पुरुष गिऱ्हाइकांच्या हातांची नखे नीट करून देण्याचे काम तिला मिळाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेल्या जॉन नावाच्या भावाने एकदा तिला चिडवले. फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुमच्याच्याने ते व्हायचे नाही, असा त्याचा सूर होता. बेसीने ते मनावर घेतले. अमेरिकेतल्या उड्डाणशाळांनी तिला प्रवेश नाकारला, कारण ती कृष्णवर्णीय होती आणि बाईही. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट अॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. तिने फ्रेंच भाषा शिकून घेतली, पैसे जमवले आणि नोव्हेंबर १९२०मध्ये ती बोटीत बसली.

उत्तर फ्रान्समधल्या ल क्रोतॉय इथल्या कॉड्रॉन बंधूंच्या शाळेत ती विमान चालवायला शिकली. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून आणि तारांनी आवळून केलेली ती दुपंखी विमाने फार नाजूक असत. अशा विमानात बसण्याआधी प्रत्येक तार, प्रत्येक जोड डोळ्यांखालून घालणे भागच असे. शिकत असतानाच एक सहविद्यार्थी तिच्या डोळ्यांदेखत अपघातात गेला. तरी ती मागे हटली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय विमान संघटनेचा परवाना मिळाला. अमेरिकेत परतल्यावर तिच्या लक्षात आले, की पोट भरायचे तर हवाई कसरतीच कराव्या लागतील. म्हणून ती १९२२मध्ये पुन्हा युरोपला गेली आणि पुढचे शिक्षण घेऊन आली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला.

कौशल्य हाती आले होते, विमान मात्र नव्हते. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलेली हजारो ‘कर्टिस जेएन-४’ विमाने विकायला काढली होती. ‘जेनी’ या लाडक्या नावाने ती ओळखली जात. काहीशे डॉलरला मिळणाऱ्या या विमानाला सुमारे ९० अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन असे. गावोगाव कसरती करणाऱ्यांना परवडणारे विमान तेच. पण स्वस्तात घेतलेल्या जुन्या यंत्राचा खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. सुटे भाग, वंगण, मेकॅनिकची मजुरी, ताणून सैल झालेल्या तारा आणि जीर्ण झालेले कापड या सगळ्याला पैसा लागतो. फेब्रुवारी १९२३मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाहून उड्डाण करताच बेसीच्या जेनीचे इंजिन बंद पडले आणि विमान कोसळले. तिचा पाय आणि बरगड्या मोडल्या. बरी व्हायला तिला अनेक महिने लागले.

त्यानंतरही ती उडत राहिली, व्याख्याने देत राहिली. वॅक्सहॅचीच्या कार्यक्रमाला गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळी प्रवेशद्वारे ठेवायचे ठरले, तेव्हा सगळे एकाच दाराने आत येणार असतील तरच उडेन, अशी अट तिने घातली आणि ती मान्य करून घेतली. चित्रपटात काम मिळत असतानाही, फाटक्या कपड्यांतली अडाणी बाई रंगवायला तिने नकार दिला. कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी उड्डाणशाळा काढण्याचे तिचे स्वप्न होते. प्रत्येक कार्यक्रमाचा पैसा त्यासाठीच साठत होता.

डॅलसला तिने आणखी एक जुनी जेनी हप्त्यांवर घेतली होती. शेवटचा हप्ता फेडायला एका धनिकाने मदत केली. १ मे १९२६ रोजी जॅक्सनव्हिलला कार्यक्रम होता आणि बेसी फ्लोरिडात होती. डॅलसहून विमान घेऊन आला तिचा २४ वर्षांचा मेकॅनिक विल्यम विल्स. विमानाची निगा इतकी वाईट होती, की वाटेत त्याला तीनदा नाइलाजाने खाली उतरावे लागले. हे कळल्यावर बेसीच्या जवळच्या माणसांनी तिला त्या विमानातून उडू नको म्हणून विनवले. तिने ऐकले नाही.

३० एप्रिलला सकाळी दोघे वर गेले. विल्स विमान चालवत होता. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन उडी मारायची, म्हणून योग्य जागा हेरण्यासाठी बेसी मागच्या आसनातून वाकून खाली पाहत होती. त्यासाठी तिने कमरेचा पट्टा काढला होता. दहाएक मिनिटांनी विमानाने अचानक खाली सूर मारला आणि ते गरगरत कोसळू लागले. सुमारे २ हजार फुटांवरून बेसी बाहेर फेकली गेली. विमान जमिनीवर आदळून विल्सही गेला. जळालेल्या अवशेषांत इंजिनाच्या दुरुस्तीसाठी वापरलेला पाना सापडला. तो नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकून बसला होता. बेसी तेव्हा ३४ वर्षांची होती.

एवढासा पाना विमान कसा पाडू शकतो? अशा विमानात वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून तारा निघतात आणि शेपटीवरच्या व पंखांवरच्या हलत्या फळ्यांपर्यंत जातात. दांडा मागे ओढला की शेपटीची फळी वर उचलली जाते आणि विमानाचे नाक वर येते. या मार्गात एखादी कठीण वस्तू अडकली, की दांडा जागचा हलत नाही. इंजिन चालू, पंख शाबूत, वैमानिक शुद्धीवर, तरी विमान कोणाच्या ताब्यात नसते.

सगळा दोष विल्सवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या काळी अमेरिकेत खासगी विमानाची ठरावीक मुदतीत तपासणी करून घेण्याचे बंधन घालणारा केंद्रीय कायदाच नव्हता. वैमानिकालाही सरकारी परवाना लागत नसे. बेसीच्या मृत्यूनंतर वीसच दिवसांनी, २० मे १९२६ रोजी, अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी हवाई वाणिज्य कायद्यावर सही केली. त्याची तयारी आधीपासून सुरू होती, बेसीच्या अपघातामुळे तो झाला नाही. पण त्याने विमानांची नोंदणी, उड्डाणयोग्यतेची तपासणी आणि मेकॅनिकांचे परवाने या गोष्टींना सुरुवात झाली. जुन्या जेनी या नियमांत बसेनात आणि काही वर्षांत त्या आकाशातून दिसेनाशा झाल्या.

आज अमेरिकेत लहान खासगी विमानाची साधारणपणे दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी व्हावी लागते. खास अधिकार मिळालेला मेकॅनिकच ती करू शकतो. मात्र मालकाने त्याच्या हाताखाली काम करायला मुभा आहे आणि अनेक मालक तसे करतात. इंजिनावरचे आवरण काढायचे, पंखांखालची आणि पोटाखालची डझनावारी झाकणे स्क्रू काढून उघडायची, आसने बाहेर काढायची, जुने ऑईल काढून टाकायचे, स्पार्क प्लग काढून साफ करायचे, ही कामे मालक करतो. मग मेकॅनिक सिलिंडरमधला दाब मोजतो, तारा आणि पुली झिजल्या आहेत का ते पाहतो, ऑईलचा फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का ते तपासतो. पाहण्याचे आणि सही करण्याचे काम त्याचेच. ते मालकावर सोपवता येत नाही.

यात मजुरी वाचते, हा फायदा लहान. मोठा फायदा असा, की ज्या यंत्राच्या भरवशावर आपण जीव ठेवतो ते आतून कसे आहे, हे मालक वर्षातून एकदा स्वतः पाहतो. कुठली तार कुठून जाते, कुठे गंज धरतो, कुठल्या सांध्यातून तेल झिरपते हे त्याला कळते. शेवटचे झाकण लावण्याआधी हत्यारे मोजायची असतात. म्हणून चांगल्या हँगरमध्ये भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काढलेली असते. एक जागा रिकामी दिसली, की काम संपलेले नसते.

शस्त्रक्रियागृहातही हाच नियम आहे. टाके घालून पोट बंद करण्याआधी परिचारिका कापसाचे बोळे, सुया आणि हत्यारे मोठ्याने मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये काढलेल्या शस्त्रक्रियेच्या सुरक्षा यादीतही ही मोजणी आहे. विमानाचे पोट असो की माणसाचे, आत राहिलेली वस्तू बाहेरून दिसत नाही आणि ती आपण होऊन बाहेर येत नाही. कसबी हातही थकतात, घाईत असतात, विसरतात. मोजणी त्या विसरण्यासाठीच असते.

बेसीची शाळा तिच्या हयातीत उभी राहिली नाही. पण शिकागोतले दोन मोटार मेकॅनिक, कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन, विमान मेकॅनिकचे शिक्षण घ्यायला निघाले. त्यांच्या वर्णामुळे प्रवेश अडवणाऱ्या संस्थेशी ते भांडले, तिथूनच उत्तीर्ण झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. विला ब्राउन या तरुणीने उड्डाणाबरोबर विमानदुरुस्तीचेही शिक्षण घेतले. कॉफी आणि ब्राउन यांच्या शाळेत पुढच्या काळात कृष्णवर्णीय वैमानिकांची पिढी घडली. तिथले विद्यार्थी विमान चालवायला शिकले, तसेच ते उघडून पाहायलाही शिकले.