परदेशातील विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्या पदव्या मिळवताना ते कोठे राहिले, काय जेवले आणि महिनाअखेर हाती किती शिल्लक राहत होती, याची आठवण मात्र क्वचित काढली जाते. घर सोडून वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांना त्यांच्या जीवनाची हीच बाजू अधिक जवळची वाटेल.

1913 हे वर्ष त्यांच्यासाठी शोकानेच उजाडले. 2 फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार निवर्तले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर, बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला निघाले. मागे पत्नी रमाबाई होत्या आणि वर्षाचाही न झालेला यशवंत होता. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि मुदत तीन वर्षांची. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता.

जुलैमध्ये ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. पहिली अडचण आली ती जेवणाची. तेथील बेचव अन्न आणि त्यातील गोमांस त्यांना रुचेना. आठवडाभरातच ते 114व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी तरुणाबरोबर त्यांची खोली जमली आणि खोलीतला हा सोबती आयुष्यभराचा मित्र झाला.

खरा बदल मात्र जेवणाहून मोठा होता. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, तो आता सर्वांबरोबर एकाच मेजावर जेवत होता. कोणी जात विचारत नव्हते. या मोकळेपणाची भूलही पडली. आरंभीचे काही महिने नव्या मित्रांबरोबर हिंडण्यात, खेळण्यात आणि करमणुकीत गेले. मग एका रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. घरची माणसे हलाखीत दिवस काढीत असताना आपण येथे कशासाठी आलो आहोत? त्या रात्रीनंतर त्यांचा दिनक्रम पालटला. दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यासात जाऊ लागले. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे जात, आणि जे उरे त्यातून जुन्या बाजारातील पुस्तके येत. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली. 1915 मध्ये एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन 1917 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाई म्हणून मिळालेल्या रुपयांतून त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागविला.

बडोद्यात मात्र त्यांना राहण्यास खोली मिळाली नाही. परदेशातील चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळजवळ विसरून गेले होते; आगगाडीतून उतरताच त्याचे स्मरण करून देण्यात आले. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि खोली सोडावी लागली. जवळच्या माणसांनीही आसरा देण्यास असमर्थता दाखविली. कामाठी बागेत तासन्‌तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी आनंदाने खोली वाटून घेतली ते नवल भाथेनाही पारशीच होते. माणूस तोच, समाज तोच, पण भूमी बदलताच दार उघडते किंवा बंद होते, हा धडा बाबासाहेबांना असा मिळाला.

सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. हे दिवस पहिल्यापेक्षा कठीण होते. राहण्याच्या घरी सकाळी पावाचा एखादा तुकडा आणि चहा मिळे. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरीत आणि ते बंद होईपर्यंत वाचीत. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री जागताना भूक असह्य झाली की ओळखीच्या एका माणसाने दिलेले पापड भाजून खात आणि वर कपभर दूध पीत. तिकडे मुंबईत रमाबाई तितक्याच काटकसरीने संसार रेटीत होत्या. त्या पदव्यांवर त्यांच्याही उपवासाचा हक्क आहे. एम. एस्सी., बॅरिस्टरी आणि 1923 मध्ये डी. एस्सी., असे हे फळ आले.

अशा माणसाने मायदेशी परतल्यावर प्रथम काय करावे? 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 रोजी या सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. निश्चिंत झोपण्याची खोली, अपमानाविना वाढलेले ताट आणि रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा, एवढे मिळाले तर मूल काय करू शकते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. तिन्ही गोष्टी हिरावल्या गेल्या तर काय होते, हेही त्यांना बडोद्याने शिकविले होते. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि त्यानंतर मुंबईचे सिद्धार्थ व औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय याच वाटेवर उभे राहिले.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज दूरच्या शहरांत, काही परदेशांतही एकटे राहतात. पहिल्या महिन्यात तेथले जेवण घशाखाली उतरत नाही, खोली खायला उठते. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी पापड भाजून अभ्यासाला बसलेल्या त्या तरुणाचे स्मरण करावे. आणि स्थिरस्थावर झाल्यावर, मागून येणाऱ्या एखाद्या मुलासाठी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवावे. बाबासाहेबांना हेच खरे अभिवादन ठरेल.