धानाचा राखणदार : डॉ. रिछारिया

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका अमराठी शास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. समता कॉलोनीत आणि रायपूरच्या इतर वस्त्यांत स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांच्या ताटात आजवर छत्तीसगढचाच भात वाढला गेला. दुबराजाच्या सुवासानेच आमचे सणवार साजरे झाले. ज्या भूमीचे अन्न खाल्ले, त्या अन्नासाठी आयुष्य वेचणाऱ्या पुरुषाचे स्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली आणि मायदेशी परतून भातपिकाच्या अभ्यासास वाहून घेतले. 1959 साली ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढील दशकात तैवानहून आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेकडून बुटके, खताला भरघोस प्रतिसाद देणारे वाण भारतात येऊ लागले. देशात अन्नाची टंचाई होती. अशा वाणांचा मोह राज्यकर्त्यांस पडावा यात नवल नव्हते. रिछारियांनी मात्र धोक्याची सूचना दिली. पुरेशी तपासणी न करता परके बियाणे आणले तर त्यासोबत रोगही येतील, आणि एकाच घराण्याचे वाण सर्वदूर पेरले तर किडींना मोकळे रान मिळेल, असे त्यांचे सांगणे होते. या मतभेदाची परिणती त्यांच्या सक्तीच्या निवृत्तीत झाली. त्यांनी ओडिशा उच्च न्यायालयात दाद मागितली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र दरम्यानच्या वर्षांची झळ त्यांच्या कुटुंबालाही सोसावी लागली.

त्यांची भीती अनाठायी नव्हती. तैवानचा वाण कडाकरप्यास सहज बळी पडे. 1973-74 साली केरळात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची मोठी हानी केली. किडीवर उपाय म्हणून फवारणी वाढली. परंतु फवाऱ्याने तुडतुडे खाणारे कोळीही मरतात आणि मागाहून तुडतुडे दुपटीने माजतात, हे यथावकाश शास्त्रज्ञांस कळून चुकले. 1986 साली इंडोनेशियाने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच कारणास्तव. अमेरिकेत रेचेल कार्सन यांनी 1962 साली विषारी फवाऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली होती. रिछारियांनी त्याच प्रश्नाला बियाण्याच्या बाजूने हात घातला. त्या त्या मातीत शेकडो वर्षे टिकलेल्या वाणांत कीड सोसण्याचा गुण असतो; तो जपला तर विषाची गरजच कमी पडते, ही त्यांची धारणा होती.

1970 च्या दशकात तत्कालीन मध्यप्रदेश शासनाच्या भात संशोधन संस्थेची धुरा घेऊन ते रायपुरास आले. हाताशी माणसे मोजकी आणि पैसा तुटपुंजा होता. तरीही छत्तीसगढच्या गावोगावहून सुमारे 19 हजार धानाचे नमुने त्यांनी जमविले. कित्येक देशी वाण भरपूर उत्पन्न देतात, हे त्यांनी दाखवून दिले. रोपाचे फुटवे सुटे करून पुन्हा लावण्याची साधी रीतही त्यांनी पुरस्कारिली. प्रत्येक वाण त्याच्या मूळ गावीच शेतकऱ्यांकरवी जिवंत राहावा, अशी त्यांची योजना होती. पण दशक सरता सरता ती संस्था बंद करण्यात आली आणि संग्रह त्यांच्या हातून गेला. ते डगमगले नाहीत. लिहीत राहिले, सांगत राहिले. 1996 साली त्यांचे निधन झाले.

तो संग्रह आज कृषकनगरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे आणि नव्या भरीने 23 हजारांवर गेला आहे. 2002 साली बियाणे व कीटकनाशके विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीशी विद्यापीठाने या ठेव्यासंबंधी सहकार्याचा घाट घातला, तेव्हा जनमत खवळले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. रिछारियांचे श्रम लोक विसरले नव्हते!

आमच्यापैकी अनेकांचे मूळ गाव विदर्भात आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पीक कापसाचे होते, धानाचे नव्हते. तथापि पाठीवर पंप घेऊन विषात उभा राहणारा माणूस दोन्हीकडे एकच. त्याच्या पाठीवरचा तो भार हलका व्हावा, हाच रिछारियांच्या खटाटोपाचा अर्थ आम्हांस वाटतो. 2023 साली नगरी दुबराजास भौगोलिक मानांकन लाभले. आपल्या घरी देशी वाणाचा तांदूळ आग्रहाने आणणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

या भूमीच्या अन्नदात्यांच्या या निःस्वार्थ कैवाऱ्यास आमचे विनम्र अभिवादन.