न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड : आपल्याला नागरिकत्व नाकारणारा एक स्थलांतरित



अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जुन्या न्यायाधीशांपैकी मार्शल, होम्स, ब्रँडाइस ही नावे मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांमुळे तरी आपल्या कानावर पडलेली असतात. जॉर्ज सदरलँड हे नाव मात्र आपल्या गप्पांत सहसा निघत नाही. खरे म्हणजे निघायला हवे. आपल्यापैकी ज्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरला आहे, किंवा जे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे आहेत, त्यांच्या गोष्टीत हा माणूस फार आधी येऊन गेला आहे. १९२३ साली भारतीय माणसाला अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही असा जो निकाल लागला, तो यांनी लिहिला. आणि गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, हे गृहस्थ स्वतः अमेरिकेत जन्मलेले नव्हते!

इंग्लंडहून युटाह

जॉर्ज सदरलँड यांचा जन्म २५ मार्च १८६२ रोजी इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातल्या स्टोनी स्ट्रॅटफर्ड या गावी झाला. वडिलांनी मॉर्मन पंथ स्वीकारला आणि १८६३ मध्ये तान्ह्या जॉर्जला घेऊन कुटुंब थेट युटाहला आले. युटाह तेव्हा राज्यही झाले नव्हते. थोड्याच दिवसांत वडील पंथापासून दूर झाले. खाणीत नशीब आजमावणे, पोस्टमास्तरकी, वकिली असे पडेल ते काम त्यांनी केले. जॉर्ज स्वतः मॉर्मन झाले नाहीत, पण वाढले मॉर्मन शेजारात.

घरची परिस्थिती बेताचीच. बाराव्या वर्षी जॉर्जची शाळा सुटली. कपड्याच्या दुकानात नोकरी, मग वेल्स फार्गोच्या एजंटाकडे काम, असे करत सतराव्या वर्षी म्हणजे १८७९ मध्ये त्यांनी प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग अॅकॅडमीत नाव घातले. आजच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचे ते मूळ. तिथले मुख्याध्यापक कार्ल मेझर हे जर्मनीहून आलेले. त्यांचा या मुलावर कायमचा ठसा उमटला. पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. थॉमस कूली हे त्या काळचे घटनेचे मोठे पंडित तिथे होते. सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी लुडबूड करावी, हा विचार सदरलँड यांच्या मनात तिथे पक्का रुजला.

१८८३ मध्ये ते परत आले, रोझामंड ली यांच्याशी लग्न केले आणि वडिलांबरोबर वकिली सुरू केली. बाराव्या वर्षी शाळा सुटलेला, परदेशात जन्मलेला मुलगा स्वतःच्या हिमतीवर वर आला. ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे, नाही का?

राजकारणातली वर्षे

१८९६ मध्ये युटाह राज्य झाले आणि पहिल्याच राज्य सिनेटमध्ये सदरलँड निवडून आले. तिथे त्यांनी खाणकामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा कायदा उचलून धरला. तो कायदा पुढे सुप्रीम कोर्टानेही १८९८ मध्ये वैध ठरवला. नंतर एक मुदत वॉशिंग्टनला हाऊसमध्ये, आणि १९०५ ते १९१७ अशी सलग बारा वर्षे अमेरिकन सिनेटमध्ये, रिपब्लिकन पक्षातर्फे.

या काळातले त्यांचे काम पाहिले तर हा माणूस प्रतिगामी होता असे कुणी म्हणणार नाही. रेल्वे कामगारांना अपघातात भरपाई मिळावी म्हणून ते झटले. स्त्रियांना मताचा हक्क द्यावा ही घटनादुरुस्ती १९१५ मध्ये सिनेटमध्ये मांडणारे तेच. तेव्हा हा विषय काढला की हसणारे पुष्कळ होते.

१९१६ मध्ये सिनेटची निवडणूक थेट जनतेच्या मतांवर झाली आणि त्यात सदरलँड पडले. पण वकिलांच्या अमेरिकन बार असोसिएशनचे ते त्याच सुमारास अध्यक्ष झाले, आणि सिनेटमधले जुने सहकारी वॉरन हार्डिंग १९२० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ५ सप्टेंबर १९२२ रोजी हार्डिंग यांनी त्यांचे नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवले आणि सिनेटने त्याच दिवशी मंजूर केले. आजकालच्या सुनावण्यांचे रामायण पाहता यावर विश्वास बसणे कठीण! कोर्टाच्या इतिहासात अमेरिकेबाहेर जन्मलेले न्यायाधीश जेमतेम सहा झाले. सदरलँड त्यांतले एक.

तीन महिन्यांत दोन निकाल

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक होण्यासाठी तो गोरा असणे ही अट होती. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेल्यांचे काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. प्रत्येक कोर्ट आपापल्या बुद्धीप्रमाणे निर्णय देई.

सदरलँड यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये शपथ घेतली आणि सहाच आठवड्यांत, १३ नोव्हेंबरला, ताकाओ ओझावा यांच्या खटल्याचा निकाल दिला. ओझावा मूळचे जपानचे. अर्ज केला तेव्हा अमेरिकेत वीस वर्षे झालेली, बर्कलीला शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. त्यांच्या चारित्र्याबद्दल कोर्टाची काहीच तक्रार नव्हती. पण सदरलँड यांनी लिहिले की गोरा याचा अर्थ निव्वळ कातडीचा रंग नव्हे, तर कॉकेशियन वंशाचा माणूस. जपानी माणूस कॉकेशियन नाही, म्हणून नागरिकत्व नाही.

पुढचा खटला होता भगतसिंग थिंद यांचा. थिंद पंजाबातले शीख, १९१३ मध्ये इथे आले, पहिल्या महायुद्धात पगडी बांधून अमेरिकन सैन्यात दाखल झाले आणि सन्मानाने बाहेर पडले. १९१८ च्या डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत काढून घेतले गेले. ऑरेगनच्या कोर्टाने १९२० मध्ये ते पुन्हा दिले. सरकार वर गेले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचले. थिंद यांच्या बाजूचा मुद्दा सरळ होता. त्या काळच्या मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय हे कॉकेशियन. कोर्टाने कॉकेशियन ही कसोटी घातलीच आहे, तेव्हा आम्ही त्यात बसतो.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी सदरलँड यांनी निकाल दिला. एकही विरोधी मत नव्हते. या वेळी त्यांनी सांगितले की शास्त्रज्ञांचे वर्गीकरण इथे कामाचे नाही. रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि भारतीयाला तो तसे समजत नाही. १९१७ मध्ये काँग्रेसने भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी केली होती, त्याचाही त्यांनी आधार घेतला. तो कायदा झाला तेव्हा ते स्वतः सिनेटर होते.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे लगेच कळेल. क्लायंटने आधी स्पेसिफिकेशन लिहून द्यावे, आपण त्याबरहुकूम काम करून न्यावे, आणि मग त्याने म्हणावे की कागदावर काय आहे ते सोडा, आमच्या मनात वेगळेच होते. फरक इतकाच की इथे प्रोजेक्ट नव्हे, माणसांची आयुष्ये पणाला लागली होती.

एक गोष्ट आपणही प्रामाणिकपणे सांगायला हवी. थिंद यांच्या बाजूने उच्च जातीचा दाखला देण्यात आला होता. उच्चवर्णीय हिंदू खालच्यांशी बेटीव्यवहार करत नाहीत, म्हणजे त्यांचा वंश शुद्ध, असा तो सूर होता. समान हक्कासाठी लढताना आपण दुसऱ्यापेक्षा वरचे आहोत असे सिद्ध करायची पाळी यावी, हे आज वाचताना मान खाली जाते. पण कायद्याने दारच असे बांधले होते की आत जायचे तर दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवूनच.

निकालानंतर

हा फटका फक्त थिंद यांना बसला नाही. ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांचीही प्रमाणपत्रे रद्द करण्याची मोहीम सरकारने काढली. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घेता येत नसे. सान फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व गेले, दुकान गेले, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९२२ च्या कायद्याप्रमाणे नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वही जाई. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या माणसाच्या निकालाने काही स्त्रियांचा मताधिकार धोक्यात यावा, हे विपरीतच.

थिंद यांच्या वकिलांत एक नाव होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचताच मराठी माणूस थबकतोच! पंडित लॉस एंजेलिसला वकिली करत. त्यांना १९१४ मध्येच नागरिकत्व मिळाले होते आणि सरकारने तेही रद्द करायला घेतले. त्यांची पत्नी अमेरिकन. नागरिकत्व गेले असते तर वकिलीची सनदही गेली असती. पंडित वंशाच्या वादात अडकले नाहीत. १९१४ चा निकाल सरकारने तेव्हाच का आव्हान दिला नाही, हा मुद्दा त्यांनी धरून ठेवला. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातात घ्यायला नकार दिला. त्यानंतर सरकारने बाकीची प्रकरणेही सोडून दिली. एका माणसाच्या चिकाटीने कितीतरी घरे वाचली.

दुसरी बाजू

सदरलँड यांची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट होईल. थिंदनंतर दोनच महिन्यांत त्यांनी वॉशिंग्टन शहरातल्या स्त्री कामगारांचा किमान वेतनाचा कायदा रद्द केला. स्त्रीला आता मत आहे, ती पुरुषाच्या बरोबरीची आहे, तर तिच्या करारात सरकारने पडू नये, असा त्यांचा तर्क. तत्त्व ऐकायला चांगले, पण तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

१९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात मात्र त्यांनी झोनिंगचे नियम वैध ठरवले. आपल्या सबर्बमध्ये घराशेजारी कारखाना उभा राहात नाही, त्याचे मूळ या निकालात आहे. आणि १९३२ मध्ये त्यांनी पॉवेल विरुद्ध अलाबामा हा निकाल लिहिला. स्कॉट्सबरो येथे नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा आरोप होता, खटला घाईघाईने उरकला, आणि आठ जणांना फाशी सुनावली होती. खऱ्या अर्थाने वकील त्यांना मिळालाच नव्हता. सदरलँड यांनी त्या शिक्षा रद्द केल्या आणि फाशीच्या खटल्यात अशा असहाय आरोपीला वकील देणे कोर्टाचे कर्तव्यच आहे, असे ठरवले. भारतीयांना दार बंद करणारा हात आणि या पोरांचा जीव वाचवणारा हात एकच.

पुढे मंदीच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यू डीलला अडवणाऱ्या चार न्यायाधीशांत ते होते. त्या चौघांना लोक चार घोडेस्वार म्हणत. चिडून रूझवेल्टनी १९३७ मध्ये न्यायाधीशांची संख्या वाढवायचा घाट घातला, तो फसला. पण त्याच वर्षी कोर्टाने किमान वेतनाबाबत सदरलँड यांचा जुना निकाल फिरवला, आणि त्यांना विरोधी मत लिहावे लागले. जानेवारी १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. १८ जुलै १९४२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

थिंद यांना १९३५ च्या एका कायद्यामुळे, महायुद्धातले सैनिक म्हणून, १९३६ मध्ये अखेर नागरिकत्व मिळाले. सर्व भारतीयांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, लूस-सेलर कायद्याने, आणि तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्यापुरते. नागरिकत्वातली वंशाची अट १९५२ मध्ये पूर्ण गेली. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि मग आपले डॉक्टर, इंजिनिअर यायला लागले. आपण सगळे त्या वाटेने आलेले.

मंडळी, सदरलँड यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. आम्हाला ते तसे वाटत नाहीत, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त टोचते. हुशार, कष्टाळू, बऱ्याच बाबतीत न्यायी असा माणूस, स्वतः बाहेरून आलेला. पण आपण आलो ते हक्काने आणि हे आले ते परके, ही रेघ त्याने बिनदिक्कत ओढली. आज आपल्याकडे निळा पासपोर्ट आहे, मतदानाचा हक्क आहे. आपल्या मागून येणाऱ्यांबद्दल, मग ते आपल्या देशातले असोत वा दुसऱ्या, जेवणाच्या टेबलावर आपण काय बोलतो, तेवढे एकदा तपासून पाहू या.