वैमानिक लिडिया लित्व्याक

लिडियाचा जन्म १८ ऑगस्ट १९२१ रोजी रशियातील मॉस्को शहरी झाला. तिला विमानांचा विलक्षण नाद होता. चौदाव्या वर्षी ती वैमानिकांच्या मंडळात दाखल झाली आणि पंधराव्या वर्षी एकटीने विमान घेऊन आकाशात गेली.

१९३७ साली तिच्या घरावर संकट कोसळले. स्टालिनच्या राजवटीत त्या वेळी असंख्य निरपराध माणसांना देशद्रोही ठरवून पकडले जात होते. लिडियाच्या वडिलांनाही पकडून नेले. ते परत आले नाहीत. अशा माणसांच्या मुलांकडे संशयाने पाहिले जाई. तरीही लिडियाने आपली विद्या सोडली नाही. ती इतरांना विमान चालविण्यास शिकवू लागली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले. तेव्हा मारिना रास्कोवा या कर्तबगार स्त्रीने केवळ स्त्रियांची तीन विमानपथके उभारली. त्यांतील लढाऊ विमानांच्या पथकात लिडिया दाखल झाली. व्होल्गा नदीच्या काठी एंगेल्स येथे या मुलींचे शिक्षण झाले. आपली गोदावरी उन्हाळ्यात आटते. व्होल्गा हिवाळ्यात गोठते! त्या थंडीत, पुरुषांच्या मापाचे ढगळ गणवेश अंगावर चढवून, त्या युद्धविद्या शिकल्या.

सप्टेंबर १९४२ मध्ये लिडियाला स्टालिनग्राडच्या रणक्षेत्रावर, पुरुषांच्या पथकात धाडण्यात आले. तेथे मुलींचे स्वागत काही उत्साहाने झाले नाही. परंतु १३ सप्टेंबर रोजी तिने शत्रूची दोन विमाने पाडली. एकटीने झुंजून शत्रूचे विमान पाडणारी जगातील पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. भारतीय विमानदलात स्त्रिया लढाऊ वैमानिक झाल्या त्या २०१६ साली, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

मार्च १९४३ मध्ये तिच्या पायाला जबर जखम झाली. पण बरी होताच ती रणात परतली. त्या सुमारास शत्रूने एक प्रचंड फुगा आकाशात चढविला होता. त्याच्या पाळण्यात बसलेला निरीक्षक आपल्या तोफांना नेम सांगे. फुग्याभोवती विमानविरोधी तोफांचा कडक पहारा असल्यामुळे समोरून जाणारे विमान परतवले जाई. लिडियाने निराळीच युक्ती योजली. दूरचा वळसा घालून ती शत्रूच्या पिछाडीस गेली आणि सूर्य पाठीशी ठेवून फुग्यावर झेपावली. डोळे दिपल्यामुळे पहारेकऱ्यांना ती वेळीच दिसली नाही. फुगा पेटून खाली आला. तो दिवस होता ३१ मे १९४३.

१ ऑगस्ट १९४३ रोजी, युक्रेनच्या पूर्व भागात, ती लढाईस गेली ती परतलीच नाही. तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची होती.

तिचा देह मिळाला नाही, म्हणून ती बेपत्ता ठरली. जिवंत शत्रूच्या हाती सापडणे हा त्या राजवटीत अपराधच मानला जाई; त्यामुळे वडिलांप्रमाणे मुलीच्या नावालाही संशय चिकटला आणि तिचा गौरव राहून गेला. परंतु तिच्या विमानाची देखभाल करणारी मैत्रीण इन्ना पास्पोर्तनिकोवा स्वस्थ बसली नाही. युद्धभूमीवर हिंडून, विमानांचे भग्न अवशेष धुंडाळून, तिने वर्षानुवर्षे लिडियाचा शोध घेतला. अखेर लिडियाला रणात वीरमरण आले, असे सरकारने मान्य केले आणि ५ मे १९९० रोजी ‘सोव्हिएट संघाची वीर’ हा सर्वोच्च बहुमान तिला मरणोत्तर देण्यात आला. तिच्या मृत्यूला तेव्हा ४७ वर्षे होत आली होती.