खड्डे, ॲव्हरेज आणि व्हेस्पा बनवणारा इंजिनिअर: कोरादिनो दास्कानियो

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती? मीही तिथूनच सुरुवात केली. फोनमध्ये शीट उघडली, सात गाड्या टाकल्या, किंमत, ॲव्हरेज, ग्राउंड क्लिअरन्स असे कॉलम केले. आठवड्यात तीन दिवस ऑफिस आणि शनिवारी आईबाबांना घेऊन सिल्लोडकडच्या गावी, असं आमचं महिन्याचं साधारण ८०० किलोमीटर होतं. शीटमध्ये १०० सीसीची बाईक सरळ जिंकली.

पण अडचण शीटच्या बाहेर होती. दोन पावसाळ्यांपूर्वी फुलंब्रीच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आमच्या जुन्या स्कूटरचं पुढचं चाक गेलं आणि मागे बसलेली आई पडली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. गाडी मी चालवत होतो. तेव्हापासून मोठ्या चाकांची बाईकच घ्यायची असं मनात पक्कं होतं. आता आईचा गुडघा धरतो. साडी नेसून बाईकच्या उंच सीटवर चढणं-उतरणं तिला जमत नाही. म्हणजे खड्ड्यांसाठी बाईक हवी आणि आईसाठी स्कूटर.

मग स्कूटरची चाकं मुळात एवढी लहान का ठेवली, हे शोधायला बसलो आणि एका इटालियन माणसापाशी पोचलो. त्याला स्कूटर बनवायचीच नव्हती. त्याला हेलिकॉप्टर बनवायचं होतं.

हेलिकॉप्टरवाला

कोरादिनो दास्कानियो यांचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ चा, इटलीच्या आब्रुत्सो भागातल्या पोपोली या डोंगराळ गावातला. पंधराव्या वर्षी पोराने स्वतः ग्लायडर बनवलं आणि गावाजवळच्या टेकड्यांवरून उडवून पाहिलं. १९१४ साली तुरिनमधून इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांचं काम, थोडा काळ अमेरिकेत नोकरी, मग परत घरी.

१९२५ मध्ये पिएत्रो त्रोयानी या बॅरनला भागीदार घेऊन त्यांनी हेलिकॉप्टरची कंपनी काढली. आजच्या भाषेत स्टार्टअप म्हणा. पैसा बॅरनचा, डोकं यांचं. पहिली दोन मॉडेल्स फसली. तिसऱ्यात एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे होते, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. एकच पंखा असेल तर खालचं यंत्र उलट्या दिशेने गरगरायला लागतं. दोन उलटे पंखे तो जोर एकमेकांत संपवतात. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो विमानतळावर हे यंत्र ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं, एक किलोमीटरहून थोडं जास्त अंतर गेलं आणि १८ मीटर उंच चढलं. आज लग्नात फोटो काढणारा ड्रोन याहून उंच जातो, पण तेव्हा हे तिन्ही जागतिक विक्रम होते.

विक्रम झाले, ऑर्डर आल्या नाहीत. कंपनी बंद पडली. दास्कानियो पियाजिओ कंपनीत विमानांचे प्रोपेलर बनवायला लागले आणि त्यातही नाव कमावलं. हवेत असतानाच पात्यांचा कोन बदलता येईल, असे प्रोपेलर त्यांनी घडवले. मग दुसरं महायुद्ध आलं. पोंतेदेरा इथला पियाजिओचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा हरलेल्या इटलीत विमानांना मागणी नव्हती आणि ती बनवायची मोकळीकही नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या विमान-इंजिनिअरकडे विमानाचं कामच उरलं नाही.

मोटारसायकल न आवडणाऱ्याने काढलेली गाडी

मालक एनरिको पियाजिओ यांना साध्या माणसाला परवडेल असं वाहन हवं होतं. रस्ते उखडलेले, पेट्रोल दुर्मिळ, लोकांच्या खिशात पैसे नाहीत. कंपनीतल्या दुसऱ्या एका इंजिनिअरने एक स्कूटर बनवलीही होती, पण ती मालकांना पसंत पडली नाही. काम दास्कानियोंकडे आलं.

मजा अशी की दास्कानियोंना मोटारसायकल अजिबात आवडत नसे. पंक्चर झालं की चाक काढायला कटकट, चेनच्या ऑइलने कपडे खराब, टाकीवरून पाय टाकून बसायचं. त्यांनी या तक्रारींनाच स्पेसिफिकेशन केलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला युजर रिक्वायरमेंट म्हणतो आणि त्यावर तीन मीटिंगा घेतो.

चेन नको, म्हणून इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी बसवलं आणि गिअरमधून ताकद सरळ चाकाला दिली. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाक हा एकच गठ्ठा, तो अख्खा वरखाली हलतो. पंक्चर सोपं व्हावं म्हणून पुढचं चाक दोन दांड्यांच्या चिमट्यात न धरता एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. नट सोडले की चाक बाजूला निघतं, कारसारखं. पुढचं-मागचं चाक सारखंच, म्हणजे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. सांगाडा वेगळा नाहीच. दाबून वाकवलेला पत्राच गाडीचा भार पेलतो, ही पद्धतही विमानातली. समोर पत्र्याची ढाल, चिखल अंगावर येत नाही. मधे मोकळी जागा, त्यामुळे स्कर्ट घातलेली बाई (आणि आपल्याकडे नऊवारीतली आजीसुद्धा) आरामात बसू शकते.

२३ एप्रिल १९४६ ला पेटंटचा अर्ज दाखल झाला. इंजिन ९८ सीसी, ताकद ३.२ हॉर्सपॉवर, वेग ताशी ६० पर्यंत, एका लिटरला पन्नासच्या आसपास किलोमीटर. नाव व्हेस्पा, इटालियनमध्ये गांधीलमाशी. दोन वर्षांनी त्यांनी तिला मागे दोन चाकं आणि माल ठेवायला पेटी जोडली. तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. गावाकडे आपण जिला अ‍ॅपे रिक्षा म्हणतो तो शब्द इंग्रजी नाही, हा तो आहे. (मला हे अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.)

वाळूजपर्यंत

बजाजने १९४८ पासून भारतात स्कूटर आयात केल्या. १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला आणि पियाजिओच्या करारावर गाड्या इथे बनू लागल्या. १९७१ मध्ये करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण आतली मांडणी दास्कानियोंचीच. पैसे भरून लोक काही वर्षं नंबरची वाट पाहत. १९८५ साली वाळूजचा कारखाना सुरू झाला. आमच्या शहरात वाळूजमुळे चुली पेटलेली घरं मोजायला गेलं तर मोजणारा थकेल. आमचंही त्यातलंच, बाबा तिथल्या एका छोट्या सप्लायरकडे होते. आज जालना रोडवर सिग्नलला उभं राहिलं की समोरच्या दहा रिक्षांत आपेची वंशावळ दिसते.

त्याच सुमारास जपानी तंत्राच्या १०० सीसी फोर-स्ट्रोक बाईक भारतात आल्या आणि चेतकचं दुखणं उघडं पडलं. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये नवं मिश्रण आत येताना जुना धूर बाहेर ढकलतं आणि त्या गडबडीत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये आत येणं आणि बाहेर जाणं वेगवेगळ्या फेऱ्यांत होतं, म्हणून ते वाया जात नाही.

दुसरं दुखणं चाकांचं, आणि माझा मूळ प्रश्न तोच होता. पुढचं चाक खड्ड्याच्या ६ सेंटीमीटर उंच कडेला टेकलंय आणि गाडी अगदी हळू आहे, असं धरा. चाक वर चढवायला लागणारा आडवा जोर मी काढून पाहिला. पहिल्या व्हेस्पाला ८ इंची रिम होती. तिला चाकावरच्या वजनाहून जास्त, साधारण १०७ टक्के जोर लागतो. चेतकच्या आणि आमच्या जुन्या स्कूटरच्या १० इंची चाकाला ९६ टक्के. १२ इंचीला ९०. बाईकच्या १८ इंचीला फक्त ७५. म्हणजे बाईक जी कड सहज ओलांडते, तिथे स्कूटर अडते आणि तो धक्का हँडलला आणि मागच्या माणसाच्या कमरेला बसतो. दास्कानियोंनी लहान चाक निवडलं ते गाडी बुटकी, हलकी राहावी आणि स्टेपनी सोबत नेता यावी म्हणून. त्यांच्या दृष्टीने रस्त्यावर अडकून पडणं हा मोठा त्रास होता, दणका लहान. माझ्या मते १९४६ साठी ते बरोबर होतं. सिल्लोड रस्त्याचं काम रखडलं होतं त्या वर्षांत ते बरोबर नव्हतं.

दास्कानियोंनी हेलिकॉप्टर मात्र सोडलं नाही. व्हेस्पा लाखांनी खपत असतानाही पियाजिओत आणि नंतर आगुस्ता कंपनीत ते त्याच्या मागे होते. पिसा विद्यापीठात शिकवतही होते. मोठ्या संख्येने बनलेलं हेलिकॉप्टर त्यांच्या नावावर कधीच लागलं नाही, आणि स्कूटरवाला म्हणून ओळखलं जाणं त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिलं. ६ ऑगस्ट १९८१ ला पिसा इथे ते गेले.

आता माझी शीट. बाईक ६५ आणि स्कूटर ४८ धरली तर महिन्याला सव्वाचार-साडेचार लिटरचा फरक पडतो. पेट्रोल १०५ रुपये धरून सुमारे साडेचारशे. एवढ्यासाठी आईला घरी ठेवायचं का, असा हिशेब मांडल्यावर बाईक गेली. पुढे १२ इंची चाक आणि टेलिस्कोपिक शॉकॲब्जॉर्बर असलेली १२५ सीसी स्कूटर घेतली. ९६ चे ९० झाले, हे फार नाही. म्हणून फुलंब्रीनंतर पाणी साचलं असेल तिथे मी वीसच्या वर जात नाही. मागून हॉर्न वाजतात, वाजू देतो.

गाडी घरी आली त्या दिवशी आईने हार घातला आणि चढून-उतरून दोनदा पाहिलं. बाबांनी मात्र मागून-पुढून फिरून, डिकी उघडून बराच वेळ स्टेपनी शोधली. ट्यूबलेस टायर आहे, स्टेपनी येत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.